देविदासचा पाण्यातला रेणू

देविदास लहाने याच्या पीएच.डी.च्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आमच्या विभागात जे जेवले, त्यांच्यासाठी मी हे मुख्यतः लिहितो आहे. इतरांनी वाचलं तर हरकत नाही. पण त्या दिवशी कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात ज्यांच्या ताटात रोडगे आणि वांग्याची भाजी पडली, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती आहे. ही विनंती देविदासच्या वडिलांची आहे. मी फक्त ती पोचवतो आहे, आणि तीही फार उशिरा.

देविदास आता नाही. धाड या गावी एका शिकवणी वर्गात शिकवताना तो फळ्याशी खाली बसला आणि उठला नाही. हृदय. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. मी त्याचा गाईड होतो. बुलढाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागाचा प्रमुख, पुढे प्राचार्य. आता नुसता निवृत्त म्हातारा आहे, आणि लोक मला अजूनही रस्त्यात नमस्कार करतात.

तो पहिल्यांदा माझ्या खोलीत आला तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून ज्वारीचा धांडा बाहेर डोकावत होता. तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी मुलाखत होती. उंच, हडकुळा, कोपरं बाहेर काढून बसणारा. मी विचारलं, "कशात रस आहे?"

"सर, मले रेणू वळवाले आवडते."

"मला रेणू वळवायला आवडतं," मी दुरुस्ती केली.

"तुम्हालेबी आवडते? मंग तर बरंच झालं!"

खोलीतले सगळे हसले. तो थट्टा करत होता की खरंच तसं समजला होता, हे मला पुढे इतक्या वर्षांतही ठरवता आलं नाही. पण नंतर माझ्यासमोर तो जपून बोलू लागला. देवळाच्या दारात चप्पल काढावी तशी माझ्या खोलीच्या दारात तो आपली बोली काढून ठेवायचा आणि जाताना पायात सरकवायचा. मी पुण्यात शिकलेला. मला ते योग्यच वाटायचं.

रेणू वळवणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं सोपं करून सांगणारा माणूस मी पाहिला नाही. वर्गात तो सरळ टेबलावर चढायचा. एक पाय दुमडायचा, हात मानेमागून फिरवायचा, मग मांडी घालायचा, मग कुशीवर आडवा व्हायचा. "मी किती झालो?" तो मुलांना विचारायचा. मुलं हसत. "एकच ना? हाड नाही मोडलं, सांधा फक्त वळवला. रेणूचंही तसंच. तोच रेणू, बसाच्या तऱ्हा हजार. त्या तऱ्हांले म्हणतात कॉन्फर्मेशन." मुलं त्याला पाठीमागे आसनेसर म्हणत. त्याला ते माहीत होतं. एकदा तो शीर्षासनाच्या खटपटीत फळ्यावर आपटला आणि उठून म्हणाला, "ही तऱ्हा महाग पडली. जिथं ऊर्जा लय लागते, तिथं रेणू फार वेळ राहत नाही, लिहून घ्या."

संगणकावरचं सॉफ्टवेअर हेच काम करतं. रेणूतला एकेक बंध थोडाथोडा फिरवून शक्य तेवढे आकार तयार करतं, प्रत्येकाला लागणारी ऊर्जा मोजतं, सारखे दिसणारे एका गटात टाकतं. मग माणसानं बसून पाहायचं की यातला खरा कोणता, औषध म्हणून उपयोगी पडेल तो कोणता. आमच्याकडे एकच बऱ्यापैकी संगणक होता. देविदास त्याच्यासमोर बसला की पडद्याशी बोलायचा. बैल हाकावा तसं. "हो, हो, थांब बे. हां, अस्सं. आता मान वळव. अरे, तिकडं नाही!" आकारांचे गट पाडताना तो रेणूच्या टोकांकडे लक्षच द्यायचा नाही. "सर, बैल पाहाताना शेपटी नाही पाहात. शेपटी हालतच राह्यते. पाठ जुळवा, पाठ." पुढे एका परिषदेत मी हेच वाक्य इंग्रजीत, शेपटी वगळून, माझं म्हणून वापरलं.

आणि ते धांडे. रेणूचे नमुने बांधायचा प्लास्टिकचा संच आमच्याकडे होता, पण तो प्राचार्यांच्या कपाटात कुलपात, पाहुणे आले की दाखवायला. म्हणून देविदास ज्वारीच्या धांड्यातलं पांढरं भेंड काढायचा, त्याचे गोळे कापायचा आणि बाभळीच्या काट्यांनी जोडायचा. आमच्या भागातली पोरं अशाच गाड्या, अशीच बैलं बनवतात. काट्यावर गोळा फिरतो, पण निसटत नाही. बंध फिरतो तसाच. विभागाच्या खिडकीत असे कितीतरी रेणू टांगलेले असत. एकदा एका रेणूला कीड लागली तर हा गंभीरपणे म्हणाला, "सर, नायट्रोजन गेला. कार्बन वाचेल." एका मुलानं कार्बनला पाच काटे टोचले तेव्हा तो ओरडला, "अबे, चार हात असतात कार्बनले! पाचवा काऊन लावला? देवी बसवतो का नवरात्रात?"

तो साधा होता असा समज कोणी करून घेऊ नये. तापट होता. मीटिंगला येत नसे. माझी पुस्तकं न्यायचा आणि हळदीचे डाग पाडून परत आणायचा. चूक दिसली की समोर कोण आहे ते बघत नसे. बाहेरून आलेल्या एका पाहुण्याला त्यानं भर व्याख्यानात "हा रेणू असा बसूच शकत नाही, मांड्या मोडतील त्याच्या" असं ऐकवलं होतं. रुसला की दोन-दोन दिवस बोलायचा नाही. आणि एक सवय होती, तिचा मला राग यायचा: तो एकटा जेवत नसे. डबा उघडला की कोणाला तरी हाक मारायचाच. कोणी नसलं तर शिपायाला, शिपाई नसला तर रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला. पाच-पाच मिनिटं झाकण हातात धरून दारात उभा राहायचा. "एकट्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, सर." मी म्हणायचो, "वेळ वाया जातो, देविदास."

त्याचे वडील किसनराव मला पहिल्यांदा भेटले ते बॅटरीसकट. तेव्हा आमच्याकडे वीज जायची ती तासन्‌तास. गणित सुरू असताना वीज गेली की केलेलं सारं गेलं. देविदासनं घरी हे सांगितलं असावं. एका सकाळी साखरखेर्ड्याहून, त्यांच्या गावाहून, आलेल्या एस.टी.तून धोतर-टोपीतला एक म्हातारा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पोत्यात घालून उतरला, आणि ती पाठीवर घेऊन कॉलेजात आला. वाटेत कंडक्टरनं अडवलं होतं म्हणे.

"मले म्हणते, बाबा, हे काय हाय? फुटन का?" किसनराव माझ्या खोलीत पाणी पिता पिता सांगत होते. "म्या म्हणलं, माह्या पोराचं पोरगं हाय याच्यात. ते रेणू का काय ते. लाईन गेली का मरते बिचारं. त्यानं अर्धं तिकीट फाडलं बॅटरीचं!"

मी हसलो. ते हसले नाहीत. जाताना त्यांनी माझ्या पायाला हात लावला. वयानं मोठे होते ते. "सर, पोरगं तुमच्या हवाली हाय. चुकलं तर मारा. आमच्या घरात गुरूचा शब्द खाली पडत नाही."

आता मुद्द्याकडे येतो.

देविदास माझ्याकडे पीएच.डी. करत होता. एका जंतूच्या प्रथिनामध्ये एक फट असते. तिच्यात एखादा रेणू घट्ट बसला तर जंतू निकामी होतो. आम्ही एक लांबट, बऱ्याच जागी वळणारा रेणू निवडला होता. त्याच्या बसण्याच्या साऱ्या तऱ्हा काढायच्या आणि त्या फटीत कोणती बसते ते पाहायचं. सुरुवातीचं गणित आम्ही रेणू रिकाम्या जागेत आहे असं धरून केलं. भोवती काही नाही, नुसता तो एकटा. तसं केलं की संगणकाला काम कमी पडतं. निकाल सुरेख आला. सर्वांत कमी ऊर्जेचा आकार मिटलेल्या मुठीसारखा, आणि ती मूठ फटीत चपखल बसत होती. मी तो लेख छापून आणला. नाव आधी माझं. दोन परिषदांमध्ये बोललो. प्राचार्यपदाच्या निवडीत त्या लेखाचा उल्लेख झाला. खुर्चीत बसलो तेव्हा ती मूठ माझ्या हातात होती, असं म्हणायला हरकत नाही.

देविदासला ती मूठ पहिल्या दिवसापासून पटली नव्हती.

"सर, हा एकटा आहे म्हणून असा बसला," तो म्हणाला होता. "एका टोकाचा हायड्रोजन दुसऱ्या टोकाच्या ऑक्सिजनला धरून बसलाय. भोवती कोणीच नाही तर स्वतःलाच धरणार ना? पण रक्तात तर पाणीच पाणी आहे. पाण्यात टाकला की चारी बाजूंनी त्याला धरायला हात मिळतील. मग तो कशाला स्वतःला कवटाळून बसेल?"

"पण सर्वांत कमी ऊर्जा याचीच आहे."

"सर्वात आरामात तर झोपलेला माणूस असते, सर. त्याचा फोटो काढून हाच तो माणूस म्हणाचं का?" तो चिडला की बोली अशी परत यायची.

मी दुर्लक्ष केलं. तो मात्र गप्प बसला नाही. वडिलांच्या त्या बॅटरीवर, वीज गेली तरी गणित मध्येच तुटू नये अशी व्यवस्था करून, त्यानं रेणूच्या भोवती पाण्याचे रेणू भरले आणि सगळं पुन्हा चालवलं. आठवड्यांमागून आठवडे तो संगणक गुरगुरत होता. एका दुपारी तो मला हाताला धरून पडद्यासमोर घेऊन गेला. मला हाताला धरण्याची ती त्याची पहिली आणि शेवटची वेळ.

"पाहा."

मूठ उघडली होती. पाण्यामध्ये तो रेणू हातपाय पसरून मोकळा तरंगत होता. क्वचित मिटायचा, लगेच उघडायचा. इतका पसरलेला रेणू त्या फटीत शिरायचा म्हणजे आधी त्याला सगळी घडी घालावी लागणार, आणि ती घडी इतकी महाग पडत होती की तो शिरणारच नाही. आमचा लेख चूक होता. मला हे पडद्याकडे पाहताक्षणी कळलं. समजायला वेळ लागला असं म्हणण्याची सोय मला नाही.

देविदासचा चेहरा मात्र फुलला होता. त्याच्या लेखी आम्हाला खरी गोष्ट सापडली होती. त्याच्या प्रबंधाचं सर्वांत चांगलं प्रकरण ते होतं.

मी ते काढायला लावलं.

"छापून झालंय, देविदास," मी म्हणालो. "आता प्रबंधात उलटं लिहिलं तर लोक काय म्हणतील?"

"छापलं म्हणून पाणी आटते का, सर?"

"तुझी कायमची जागा या उन्हाळ्यात भरायची आहे. पीएच.डी. हातात नसेल तर ती जाईल. व्हायव्हा होऊ दे. पाण्याचं काम नंतर दोघांच्या नावानं वेगळं छापू."

"अन् एक्स्टर्नलनं विचारलं तर? तो विचारेलच. मी त्याच्या जागी असतो तर पहिलं हेच विचारलं असतं."

"मी बघून घेईन," मी म्हणालो. "मी आहे ना तिथं."

तो बराच वेळ खिडकीतल्या धांड्याच्या रेणूंकडे पाहत राहिला. मग त्यानं प्रकरण काढलं. माझ्या त्या शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवून काढलं. पाण्याचं काम त्यानंच गाळलं असं पुढे सगळे म्हणाले, म्हणून हे स्पष्ट लिहितो. ते मी गाळलं.

व्हायव्हा म्हणजे आमच्याकडे घरचं कार्य असतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. परीक्षा नावालाच. निकाल ठरलेलाच आहे असं सगळे धरून चालतात. उमेदवाराचे आईवडील, सोयरे येतात. शाल-नारळ आधीच आणून ठेवलेले असतात. आणि जेवण उमेदवाराकडून. किसनरावांनी पहाटेच साखरखेर्ड्याहून माणसं आणि भांडी आणली होती. कॉलेजच्या मागे गोवऱ्यांचा हार रचून पेटवला होता आणि त्यात कणकेचे रोडगे भाजायला टाकले होते. हॉलमध्ये खरपूस वास येत होता. पहिल्या रांगेत किसनराव धुतलेल्या टोपीत, हात जोडलेल्या अवस्थेतच बसले होते. सगळं इंग्रजीतून चाललं होतं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, आणि मुलाच्या प्रत्येक वाक्याला ते मान हलवत होते.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, मोठे प्राध्यापक होते, मितभाषी. देविदास छान बोलला. मी बसवून घेतलेलं इंग्रजी त्यानं एकदाही सांडू दिलं नाही. मग एक्स्टर्नलनी चष्मा काढला आणि विचारलं, हे गणित पाण्यात केलं होतं का?

देविदासनं माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मी कसं सांगू? घाबरलेलं नव्हतं. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं आणि आता सर आपल्याला सांगायला सांगतील म्हणून तो बघतो, तसं. माझ्यावर तो निश्चिंत होता.

एक्स्टर्नल माझ्याकडे वळले. आमची जुनी ओळख, म्हणून ते मराठीत आले. "अहो, एवढी साधी गोष्ट! तुमच्या लक्षात कशी आली नाही?"

तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं ते लिहून उपयोग नाही. मी म्हणालो, "मी त्याला सांगितलं होतं. त्याच्याकडून राहून गेलं."

मराठीत म्हणालो. सबंध सकाळी त्या हॉलमध्ये किसनरावांना कळलं ते हे मराठीतलं बोलणं तेवढंच. त्यांचे जोडलेले हात सुटले, ते मी पाहिलं.

एक्स्टर्नलनी देविदासला विचारलं, "खरं आहे का? सरांनी सांगितलं होतं?"

बाहेर कोणीतरी राखेतून रोडगे काढत होतं, त्याचा चिमट्याचा आवाज येत होता. देविदास माझ्याकडे पाहत होता. अजूनही, मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता. मी समोरच्या कागदांवर काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

"हाव," तो मान डोलावत म्हणाला.

प्रबंध परत करण्यात आला. पुन्हा काम करून नव्यानं सादर करावा. अपमान होऊ नये म्हणून नारळ दिला. शाल घडीचीच राहिली. आणि मग आम्ही सगळे जेवायला गेलो. होय, जेवायला. जेवण तयार होतं. किसनराव स्वतः वाढत होते. माझ्या ताटात त्यांनी रोडगा फोडून तुपाची धार धरली आणि खाली मानेनं म्हणाले, "पोट भरून जेवा, सर. त्यानं तुमचा शब्द पाडला, माफी करा त्याले." मी "असू द्या, असू द्या" म्हणालो. पंगतीत लोक हळू आवाजात बोलत होते. गाईड एवढे चांगले मिळाले, पण पोरानं ऐकलं नाही. हुशारी नडते अशी. मी ते ऐकत होतो आणि रोडगा खात होतो. देविदास तेव्हा पंगतीत नव्हता. त्याला शोधायला कोणी गेलं नाही.

उन्हाळ्यात ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मी प्राचार्य होतो; थांबवू शकलो असतो असं नाही, पण निदान बोलू शकलो असतो. देविदासनं प्रबंध पुन्हा सादर केला नाही. काही दिवस तासांवर येत राहिला. टेबलावर चढणं बंद झालं. माझ्याशी तो आता अगदी शुद्ध बोलायचा. एक दिवस खिडकीतले रेणू नव्हते. त्यानं नेले, की साफसफाईत गेले, मी विचारलं नाही. पाण्यातल्या रेणूचं सगळं काम त्या संगणकावर होतं. विभागात नवीन संगणक आले तेव्हा जुना भंगारात गेला. त्या कागदावर सही माझीच आहे.

तो गेल्यावर मी साखरखेर्ड्याला भेटायला गेलो. किसनराव ओट्यावर बसले होते. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि लोकांना माझी ओळख करून दिली. "हे त्याचे सर. याईनं सांगतलं व्हतं, पोट्ट्यानं ऐकलं नाही. नाही तं आज प्रोफेसर राह्यला असता." तिथं बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी चहा प्यालो. मग निघालो.

गेल्या महिन्यात मात्र पुन्हा गेलो. हिंमत आली म्हणून गेलो नाही. रात्री डोळा लागत नाही आणि दिवसा ताटातला घास तोंडात फिरतो, म्हणून गेलो. ते एकटेच होते, अंबाडीची दोरी वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. मूठ, पाणी, काढलेलं प्रकरण, "मी बघून घेईन", सगळं. ते दोरी वळतच होते. मग थांबले.

"म्हंजे पोरगं खरं बोलत व्हतं."

"हो, बाबा."

"त्यानं मले सांगतलं व्हतं. व्हायव्हाच्या दुसऱ्याच दिशी. म्या त्याच्या तोंडात मारली, सर. लेकराच्या बापाले मारली. म्हणलं, सोताची चूक गुरूवर ढकलतो? भरल्या सभेत तूच हाव म्हणला ना? मंग पुन्हा नाही बोलला तो. तसे आमी बोलत व्हतो. पाणी दे, दार लाव, इतकंच."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"माफी कोन देनार? ज्यानं द्याची तो गेला. मी बी तुमच्याच बाजूचा निंगालो." त्यांनी दोरी खाली ठेवली. "मले काऊन सांगून राह्यले तुमी? म्या याचं काय करू आता, या वयात?"

मी उठू लागलो.

"त्या दिशी जेवाले कोन कोन व्हतं?" त्यांनी विचारलं.

"बरेच होते."

"त्याईले सांगा. माह्या हातचं खाता खाता म्हणत व्हते, पोट्ट्यानं ऐकलं नाही. मी वाढत व्हतो. मले ऐकू येत व्हतं." त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली. "जा आता. उन्हाचं जाऊ नका म्हणलो असतो, पण जा."

मी हे सांगितलं आहे. ज्यांनी ते जेवण जेवलं त्यांना आता माहीत झालं. देविदास लहाने यानं पाण्यातलं काम केलं होतं. बरोबर केलं होतं. ते त्यानं कोणाच्याही सांगण्यावरून केलं नव्हतं. माझ्या मनाविरुद्ध केलं होतं.

एक गोष्ट मी किसनरावांनाही सांगितली नाही, ती इथं लिहून थांबतो.

तो जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे औरंगाबादला निघालो होतो. धाडला जीप प्रवासी भरायला थांबली. बाजाराचा दिवस, ऊन रणरणतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर, तेवढ्याशा सावलीत, एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. केस पांढरे. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. उठून काचेशी आला, आत हात घालून माझ्या पायाला लावता येईना म्हणून गुडघ्याला लावला.

"सर, इथंच शिकवतो आता. दुपारची बॅच आहे."

मी तब्येत विचारली. मुलंबाळं विचारली. त्यानं सगळं नीट सांगितलं, शुद्ध भाषेत. मग ड्रायव्हर चढला तसा तो घाईनं बोलला, आणि त्या घाईत भाषा राहून गेली.

"सर, एक काम करसान का माह्यं? बाले एकदा खरं काय ते सांगा. लोकाईले नका सांगू, कागदावर नको, मले काही नको. फक्त बाले. तुमचंच ऐकते तो."

"सांगतो," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात येतो साखरखेर्ड्याला."

"नक्की?"

"नक्की."

त्याचा चेहरा तसाच झाला, त्या दुपारी पडद्यासमोर झाला होता तसा. "दोन घास खाता का, सर? डबा आताच उघडत होतो."

"उशीर होतोय रे."

"हाव, हाव. जा तुम्ही. बा सकाळी घरीच असते."

जीप हलली. मी मागच्या काचेतून पाहिलं. डब्याचं झाकण हातात धरून तो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि बाजारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत होता, कोणी ओळखीचं दिसतंय का म्हणून. गर्दी खूप होती. मग तो परत पायरीवर जाऊन बसला.